वेबसाइट बनवायला आधी काय शिकायचं?

सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे, वेबसाइट हवीय, आणि कोणीतरी सांगतं, "आधी पायथन शिका, मग रिअ‍ॅक्ट." थांबा जरा!

आधी एचटीएमएल. नोटपॅडमध्ये वर्कशॉपचं नाव, पत्ता, कामांची यादी लिहा. फाइलच्या नावाशेवटी डॉट एचटीएमएल लावून सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. इंटरनेटसुद्धा लागत नाही. मराठीऐवजी विचित्र चिन्हं दिसली, तर फाइलमध्ये सगळ्यात वर 'चारसेट यूटीएफ-८' सांगणारा मेटा टॅग टाकायचा राहिलाय, एवढंच.

एचटीएमएल म्हणजे सांगाडा. सीएसएस म्हणजे रंगरंगोटी. जावास्क्रिप्ट नंतर, म्हणजे गिऱ्हाईकाने माप टाकलं की अंदाजे खर्च दिसावा, असं वाटेल तेव्हा. इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'वर मराठीतही मोफत धडे आहेत.

वेळच नाही? मग २००३ पासून असलेलं वर्डप्रेस वापरा, कोडिंगशिवाय काम होतं. पण साइट कोणीही बनवो, डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घ्या. ते ठरावीक मुदतीने रिन्यू करावं लागतं. बनवणाऱ्याच्या खात्यात असेल आणि तो फोनच उचलेना, तर पाटीवर छापलेला पत्ता हातचा जातो.