गिर्यारोहकाचा चेहरा

शिखरावरचा फोटो आणि गिर्यारोहकाचे व्यक्तिचित्र यांत आपण नेहमी फोटोलाच झुकते माप देतो. फोटो म्हणजे पुरावा, चित्र म्हणजे हौस! पण सर्वांत गाजलेला शिखर-फोटो नीट पाहा. २९ मे १९५३, एव्हरेस्टचा माथा, तेनसिंगने उंचावलेली आईस-अ‍ॅक्स, तिला बांधलेले झेंडे. चेहरा मात्र ऑक्सिजनच्या मास्कआड. कुणीतरी वर पोचले एवढे कळते, कोण ते चेहऱ्यावरून कळत नाही. हिलरीचा तर माथ्यावरचा फोटोच नाही. उलट डंकन ग्रँटने रंगवलेला जॉर्ज मॅलरी पाहा. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतले हे तैलचित्र १९१२ च्या सुमाराचे, मॅलरीच्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेआधी आठनऊ वर्षांचे. तेव्हा तो शाळामास्तर होता. चित्रात ना बर्फ, ना दोर; आहे तो नुसता तरुण माणूस. ८ जून १९२४ ला तो एव्हरेस्टवर शेवटचा दिसला. १९९९ मध्ये मृतदेह सापडला, पण शिखराचा पुरावा ठरू शकणारा कॅमेरा सापडला नाही. तो माथ्यावर पोचला का, हा वाद त्यामुळे अजून मिटलेला नाही. माणूस कसा दिसायचा, हे ग्रँटने आधीच सांगून ठेवले आहे.

चित्रकार खुशामत करतो, हा आक्षेप खरा. पण शिखरावरचा फोटो तरी कुठे सोवळा असतो? तिथेही प्रायोजकाचा फलक आधी, माणूस मागून. दुसरा आक्षेप घरचा: चिखलदऱ्याच्या अकराशे मीटरांवर समाधान मानणाऱ्या वऱ्हाडाला गिर्यारोहकांच्या चित्रांचे काय? तर ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने पुढे एव्हरेस्टची उंची काढली, त्याची मोजणी अचलपूरच्या मुलखातूनच उत्तरेकडे सरकली. तिचा प्रवर्तक विल्यम लँबटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम हॅवेलने त्याचे चित्र रंगवले होते. मोजणीच्या वह्यांत कोन आणि अंतरे आहेत; वीस वर्षे उन्हातान्हात राबलेला, सत्तरीला टेकलेला माणूस दिसतो तो या चित्रात. (मोजणीच्या साखळ्या ओढणाऱ्या मजुरांना असा चित्रकार कोण देणार?)

२०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. असा कुणी उद्या अमरावतीला किंवा अकोल्याला सत्कारासाठी आला, तर चित्रकला शिक्षकांनी शाल-श्रीफळाआधी त्याला दोन तास खुर्चीवर बसवावे आणि शिखराच्या फोटोवरून नव्हे, समोर पाहून रंगवावे.