रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके किती?

वही उघडा आणि काही न बघता, नुसतं आठवून एक घुबड काढा. आत्ताच. मी थांबते.

झालं? दोन वाटोळे डोळे, मधे चोच, खाली फांदी. छान. आता सांगा, त्याच्या डोक्यावर ठिपके होते की नव्हते? पोट पट्ट्यापट्ट्यांचं होतं की पांढरं? पाय उघडे होते की पिसांच्या पायजम्यात? बघा, पेन्सिल हवेतच अडकली ना!

"एवढ्याशा ठिपक्यांनी काय बिघडतं?" असं नंदुरबारच्या कुणाला विचारू नका बरं. त्या जिल्ह्यात एक पक्षी आहे, आणि तो ओळखायचा तर आधी त्याच्या डोक्याकडेच बघावं लागतं.

साधा पिंगळा तुम्ही पाहिला असेल. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून आपल्याकडे टकामका बघणारं, मान खालीवर करणारं छोटंसं घुबड. चिंचेच्या, आंब्याच्या ढोलीत राहतं आणि रात्री चिरकून चिरकून भांडल्यासारखं ओरडतं. त्याचं डोकं म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. त्याचा एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. लांबी साधारण 23 सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा बरीच जास्त. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छातीवर रुंद गडद पट्टा, पोट पांढरं, पाय चांगले जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शिवाय हे घुबड दिवसा जागं असतं! सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर बसतं आणि शेपूट डावीकडे-उजवीकडे झटकत राहतं.

याला शास्त्रीय नाव मिळालं 1873 मध्ये. त्याआधीच्या वर्षी ब्लेविट नावाच्या माणसाला तो मध्य भारतात सापडला होता, म्हणून ह्यूम या पक्षितज्ज्ञाने पक्ष्याच्या नावात ब्लेविटला बसवलं. मग जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या पश्चिम खानदेशात आणखी काही पक्षी मिळवले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदूक, हे लक्षात घ्या. पक्षी मारायचा, कातडी सोलायची, आत कापूस भरायचा, टाके घालायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे, कधी, कुणी. 1884 नंतर मात्र बराच काळ खात्रीची एकही नोंद नाही. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याच्या कातड्या होत्या फक्त 7.

त्यातल्या एकीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 1914, मांडवी, गुजरात. तापी नंदुरबारमधून पुढे गुजरातेत जाते ना, तिच्याच काठचं हे गाव. चिठ्ठी लिहिणारा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. मोठा सैनिक आणि नावाजलेला पक्षितज्ज्ञ. त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? पक्षी 1914 मध्ये जिवंत होता, तोही गुजरातेत, असं सगळे धरून चालले.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षितज्ज्ञ आणि इंग्लंडचा नायजेल कॉलर यांनी या कातड्या नीट तपासायला घेतल्या. 1914 च्या पक्ष्याचा क्ष-किरण फोटो काढला. कातडी उसवून नव्याने भरलेली दिसली, पण जुनी कारागिरी काही पूर्ण पुसली गेली नव्हती. प्रत्येक शिंप्याचा हात वेगळा असतो, तसा पक्षी भरणाऱ्याचाही असतो. आणि हा हात होता डेव्हिडसनचा! म्हणजे कर्नलसाहेबांनी हा पक्षी मिळवलाच नव्हता. संग्रहालयातून डेव्हिडसनचा जुना पक्षी चोरला, उसवला, पुन्हा शिवला आणि पायाला खोटी चिठ्ठी बांधली. (शाळेत कुणी दुसऱ्याच्या चित्राखाली आपलं नाव घातलं तर आपण किती चिडतो! इथं तर अख्खं घुबडच पळवलेलं.)

आता गंमत बघा. खोटी चिठ्ठी बाजूला काढली की खऱ्या चिठ्ठ्या उरतात. रासमुसेन आणि तिचे सोबती बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं भारतात आले आणि जिथून जुने पक्षी खरोखर मिळाले होते ती ठिकाणं शोधू लागले. आधी पूर्वेकडची जंगलं धुंडाळली. काही नाही. मग खानदेशात उतरले. 25 नोव्हेंबर 1997, सकाळची वेळ, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल. एका झाडावर एक छोटं घुबड उन्हात बसलेलं. डोक्यावर ठिपके? जवळजवळ नाहीत. छातीवर पट्टा? आहे. पोट? पांढरं. पाय? जाडजूड. 113 वर्षांनी रानपिंगळा सापडला होता. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी, म्हणजे पक्षी जिल्ह्याच्या आधीच बातम्यांत आला!

पुढे तो मेळघाटातही दिसला, आणि 2014 मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलात. अजूनही तो संकटातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, कारण त्याला लागणारं विरळ सागाचं जंगल कमी होतंय.

तर आता तो वहीत आणायचा कसा? रंगपेटी असेल तर उत्तम. पण नंदुरबारकडची मुलं रंगपेटीशिवायही भरपूर रंग जमवू शकतात.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून पाहा. हात लाल होतो! पान हिरवं आणि रंग लाल, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं बोट कापलं. हा रंग बोटानेच कागदावर ओढा. झाली मागची जमीन तयार. पक्षी सागाच्या रानात राहणारा, तर जमीनही सागाचीच शोभते. सागाचं वाळकं मोठं पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासला की शिरांचं जाळं आपोआप उमटतं.

पिसांचा तपकिरी रंग म्हणजे बिनदुधाचा कडक चहा. त्यातला थोडा चहा वाटीत काढून त्यात गंजका खिळा रात्रभर टाका. सकाळी चहा काळपट झालेला असतो. चहात टॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते लोखंडाशी जमलं की काळं होतं. हिरडा आणि लोखंड वापरून शाई करायचे, तीही याच युक्तीने. (ती वाटी बाजूला ठेवा हं. आजोबांनी पिऊ नये.)

हळद तर सगळ्यांच्या घरात आहे. हळदीच्या पाण्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका, पिवळं लालसर होईल. पण हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून डोळ्यांपुरतीच वापरा. रानपिंगळ्याचे डोळे पिवळेच आहेत.

आणि मिरची? नंदुरबारला मिरचीच्या पथारी असतात. मैदानभर लालभडक मिरच्या वाळत घातलेल्या, आणि शेजारून जाणारा माणूस शिंकतोय. असा लाल वहीत हवाच, असं वाटून मी एकदा तिखट पाण्यात कालवलं. पाणी जेमतेम नारिंगी, आणि कागदावर नुसता चोथा. मग तेलात कालवलं, तर तेल लालजर्द झालं! मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. रश्शावरची तर्री लाल दिसते ती म्हणूनच. फक्त तेलाचा डाग पानाच्या मागे उतरतो, आणि त्या हाताने डोळे चोळलेत तर चित्र राहिलं बाजूला.

ठिपके मात्र रंगाने काढूच नका. पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने कागदावर ठिपके द्या आणि वरून चहा फिरवा. मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून तेवढे ठिपके पांढरे राहतात. साध्या पिंगळ्यासाठी मेणबत्ती बरीच झिजेल. रानपिंगळ्यासाठी जवळजवळ नाहीच, त्याच्या पोटाचा कागद कोरा सोडला की काम झालं.

संग्रहालयात वेगळी तऱ्हा. तिथं ओले रंग बहुधा नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गाचं एक दालन आहे, तिथले भरलेले पक्षी काचेमागे हलतही नाहीत की उडतही नाहीत. असा धीराचा नमुना रानात मिळायचा नाही. पेन्सिलने काढा, कडेला बाण काढून रंगांची नावं लिहा, घरी येऊन चहा उकळा. एवढं लांब जायला नको असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या मूर्ती आहेत. मूर्तीचं नाक तुटलेलं असलं तर तुटलेलंच काढा, तुमच्या मनाने जोडू नका.

मूर्तींसारखी जुनी मडकीही काढता येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी, तापी आणि गोमाईच्या संगमावर, भारतीय पुरातत्त्व खात्याने 1955 मध्ये उत्खनन केलं. तिथं हजारो वर्षांपूर्वीची खापरं निघाली, काही लाल रंगावर काळी नक्षी काढलेली. पुरातत्त्ववाले अशा मडक्याचं चित्र मोठ्या मजेत काढतात. मधोमध एक उभी रेघ. एका बाजूला मडकं चिरल्यासारखं, जाडी दाखवणारं, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून दिसतं तसं. एकाच चित्रात आत आणि बाहेर! घरातला माठ घेऊन करून पाहा.

आणि चित्र कसलंही असो, खाली चिठ्ठी हवीच. कुठे, कधी, कुणी. आणि जे पाहिलं तेच.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. शहाद्याच्या रस्त्यावर गाडी थांबली होती, समोर एका काटकुळ्या झाडावर छोटं घुबड, भर दुपारी! माझे हात थरथरायला लागले. घाईघाईने काढलं, पान सागाने लाल केलं, वर ठळक अक्षरांत "रानपिंगळा" लिहिलं. मग दुर्बीण लावली. आता त्या पानावर ते नाव खोडलेलं आहे आणि खाली लिहिलंय:

"शहाद्याजवळ, दुपारी 2 वाजता. साधा पिंगळा. डोक्यावरचे ठिपके 40 पर्यंत मोजले, मग तो उडाला."