आजोबांचे मृत्युपत्र आणि एक्झिक्युटर

आजोबांनी मृत्युपत्रात धाकट्या काकांना एक्झिक्युटर नेमले, की घरात कुजबुज सुरू होते: आता सगळे त्यांच्याच नावावर होणार का? नाही. भारतीय वारसा कायदा, 1925 नुसार मिळकत एक्झिक्युटरच्या हाती येते ती केवळ व्यवस्थेसाठी. आधी अंत्यविधीचा खर्च, मग कर्जे, आणि उरलेले आजोबांनी लिहिले तसे वाटायचे. काकांना स्वतःचा हिस्सा असू शकतो, पण इतरांच्या हिश्श्यात कमी-जास्त करण्याचा अधिकार त्यांना नाही.

वाटपासाठी कायदा त्यांना मृत्यूपासून एक वर्षाची मुदत देतो. त्यामुळे तीन महिन्यांत काही हाती आले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये. मात्र हिशेब मागायला संकोचही नको. न्यायालयाकडून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला, घेतला असेल तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. गैरव्यवहार दिसला तर उच्च न्यायालय एक्झिक्युटरला दूरही करू शकते.

मृत्युपत्र नोंदवलेले नाही, ही भीती बहुधा अनाठायी असते. नोंदणी सक्तीची नाही. आजोबांची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या महत्त्वाच्या. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र आजोबा फक्त स्वतःच्या हिश्श्याबद्दलच लिहू शकतात, आणि माझ्या मते बहुतेक भांडणांचे मूळ तिथेच असते. म्हणून सातबारा आणि जुनी वाटणीपत्रे आधी काढा.