दुकान खाली, बिऱ्हाड वर?

सभासद बंधूंनो, मानकोली नाक्यावरून आम्ही भिवंडीत शिरलो, तेव्हा यंत्रमागांच्या कित्येक खोल्यांत कामगार मागांशेजारीच झोपलेले दिसले. वर खडखडाट, अंगावर कापसाचे तंतू. आपल्याकडेही ट्रॅक्टर दुरुस्ती अन् वेल्डिंगचे शेड बांधून पोटमाळ्यावर बिऱ्हाड थाटायचा बेत पुष्कळ पोरे सांगतात. खर्च वाचतो, हत्यारांची राखणही होते, हे खरेच. पण धूर वर चढतो. अन् जिना शेडमधूनच असला तर आग लागल्यावर पोराबाळांनी उतरायचे कोठून? जिना बाहेरूनच काढा. त्यापेक्षा घर शेजारी अन् मध्ये नऊ इंची भिंत थेट पत्र्याला भिडवलेली, हे बरे. बॅटरी चार्जिंग मोकळ्या हवेत करा, तिचा वायू ठिणगीने भडकतो. पाया काढण्याआधी जागेचा नकाशा घेऊन गट ऑफिसात या, बसून पाहू.