न्यायाची वाट पाहणाऱ्यांचा देव

रविवारच्या उपासनेत ख्रिस्ती मंडळी प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणते. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येशू पुन्हा येणार आहे, हे त्यात न चुकता येतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र उभी राहते ती नरकाची आग आणि पापांची लांबलचक यादी. ख्रिस्ती प्रचारकांनीही कित्येकदा हीच भीती पुढे केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही बायबल नीट वाचलं की जाणवतं, न्यायाचा दिवस हा आधी अन्याय सोसलेल्यांना दिलेला शब्द आहे, धमकी नंतर. आणि तारण म्हणजे त्या न्यायातून काढलेली पळवाट, ही समजूतही टिकत नाही. भंडारा जिल्ह्याच्या इतिहासाच्या उजेडात हे विशेष स्पष्ट दिसतं.

स्तोत्रसंहितेतलं ९८वं स्तोत्र पाहा. देव पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे म्हणून तिथे नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर गाऊ लागतात. न्यायाधीश आल्याचा आनंद आरोपीला होत नाही. ज्याची तक्रार वर्षानुवर्षं पडून आहे, त्या फिर्यादीला होतो. मिसरातली गुलामी आणि बाबेलातला बंदिवास यांच्या आठवणी जपणाऱ्या समाजाची ही स्तोत्रं आहेत. भंडारा जिल्ह्याला न्यायासाठी थांबणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागला नाही. त्या दुःखावर ख्रिस्ती उत्तर चिकटवायचा अधिकार कुणालाही नाही, आणि ते इथे करायचंही नाही. पण निकाल लागल्यावरही मेलेल्यांची फिर्याद संपलेली नसते, हे या प्रकरणाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. मेलेल्यांचाही न्याय होईल हा विश्वास नेमका अशा ठिकाणी बोलतो. साक्ष द्यायला जे उरले नाहीत, त्यांचीही सुनावणी बाकी आहे, असं तो म्हणतो.

हा न्याय कोणत्या कसोटीवर होणार, ते मत्तयाच्या २५व्या अध्यायात आहे. सिंहासनावर बसलेला राजा सर्व राष्ट्रांतल्या माणसांना दोन बाजूंना उभं करतो. भुकेल्याला जेवू घातलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट, एवढंच तिथे पाहिलं जातं. कुणाची उपासनापद्धती कोणती, हे राजा विचारत नाही. त्याहून विलक्षण आहे ते उजवीकडच्यांचं आश्चर्य. आम्ही तुला कधी जेवू घातलं, असं ते राजालाच विचारतात. लहानातल्या लहानासाठी जे केलं ते माझ्यासाठीच होतं, असं तो त्यांना सांगतो. आपण पुण्य जोडतो आहोत याची त्यांना कल्पनाही नव्हती. मिशनऱ्यांवरच्या जुन्या आरोपाचा विचार इथूनच करायला हवा. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, त्यात भंडाराही होता. अशा काळात मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली आणि त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवलं. पुढे मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीनेही १९५६ च्या अहवालात शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर होतं असा ठपका ठेवला. भंडारा तेव्हा त्याच राज्यात होता. समितीचे सगळे निष्कर्ष मान्य करायला नकोत. पण जिथे अन्नाच्या बदल्यात धर्म मागितला गेला, तिथे मागणारा मत्तयाच्या कसोटीवरच नापास होतो. त्याला आपण काय मिळवतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं.

मग तारण कृतीवर ठरतं का? पौल इफिसकरांना लिहितो की तारण हे कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे मिळतं, ती कमाई नव्हे. यावर सर्वांत जड आक्षेप असा, की खुन्याने अखेरच्या घटकेला हात जोडले तर तो सुटला, आणि ज्याचा जीव गेला त्याचं काय? लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय या प्रश्नाला बरंच उत्तर देतो. हा यरीहोचा मुख्य जकातदार, वसुलीवर गबर झालेला. ठेंगणा असल्यामुळे गर्दीत दिसेना, म्हणून उंबरावर चढून बसला. येशू कोणतीही अट न घालता त्याला खाली बोलावतो आणि त्याच्याच घरी उतरतो. त्यावर जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. त्यानंतरच येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. कृपा आधी आली खरी, पण तिने लुबाडलेल्यांची देणी बुडवली नाहीत. येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरताना त्याच्याकडे वळलेल्या चोराला मात्र परतफेड करायला वेळच नव्हता. कॅथलिक परंपरा अशांसाठी मरणोत्तर शुद्धीची अवस्था मानते, प्रोटेस्टंट ती मानत नाहीत. हा गुंता पुरता सुटलेला नाही. एवढं खरं, की ज्याच्या हाती न्याय आहे तो स्वतः खोट्या आरोपांखाली मारला गेला होता, त्यामुळे बळी गेलेल्याचं दुःख त्याला परकं नाही, असं ख्रिस्ती माणूस मानतो.

ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही, त्यांचं काय? हा प्रश्न इथल्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या आजा-पणजांसाठी पडला असणार. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून. याच स्कॉटिश मिशनचं काम पुढे भंडाऱ्यात पोचलं. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रावर उभी असलेली ही मंडळी. त्यातलं मत कडक होतं: देवाने काहींना जीवनासाठी आधीच निवडलं आहे. पण १८९२ मध्ये याच फ्री चर्चने अधिकृत घोषणा करून सांगितलं, की माणसाचं पाप लक्षात न घेता देव कुणाचाही नाश आधीच ठरवून ठेवत नाही, आणि शुभवर्तमान जिथे पोचलं नाही तिथेही तो दया करू शकतो. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, जवळपास हेच मान्य केलं. सगळे ख्रिस्ती पंथ अजून इथवर आलेले नाहीत. माझ्या मते मत्तयाचा तो अध्याय हाती असताना त्यांनी यायला हवं.

सर्वांत मूलगामी आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९५४ ची पोटनिवडणूक ते याच भंडाऱ्यातून लढले आणि हरले. दोन वर्षांनी नागपुरात त्यांनी धम्माची दीक्षा घेतली. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये ते सांगतात की बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटलं, मोक्षदाता नव्हे; येशू मात्र स्वतःवरच्या श्रद्धेची अट घालतो. माणसाची मुक्ती दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना पटलं नाही. हा मतभेद खरा आहे, तो गोड बोलून मिटणार नाही. जक्कय स्वतःच्या बळावर चौपट परत करायला उठला नसता, कुणीतरी आधी त्याच्या दारी यावं लागलं, असं ख्रिस्ती माणूस म्हणेल. आंबेडकरवादी वाचक म्हणेल, ज्याला लुबाडलं त्याने कुणाची वाट का पाहावी? या दुसऱ्या प्रश्नाचं वजन चर्चने मान्य करायला हवं, कारण धर्म बदलूनही जात सुटली नाही अशी दलित ख्रिस्तींची तक्रार खोटी नाही. तमिळनाडूत कित्येक ठिकाणी दफनभूमीतही जातीची भिंत आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रानुसार न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते. तेव्हा या भिंतींची सुनावणी बाहेरच्या कुणाच्याही आधी लागणार, हे त्याच विश्वासातून निघतं.