निळ्या रेघेचे गणित

माझ्या मामांचे शेत माण तालुक्यात. त्यातून कालवा गेला. ‘गेला’ म्हणायचे ते इतक्याच अर्थाने, की चर खणला गेला, मुरूम काठावर पडला आणि ठेकेदाराची यंत्रे निघून गेली. पुढे कित्येक वर्षे त्या चरात बाभळी वाढल्या. मामांना पलीकडच्या तुकड्यात जायला मैलभराचा वळसा पडे. मी तेव्हा सरकारी नोकरीत, पाटबंधाऱ्यांच्या नियोजनाच्या कामावर होतो. एकदा सुट्टीत गेलो, तर मामा चराकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘तुमच्या खात्यात पाणी नकाशावरच निळं असतंय व्हय?’’

मला उत्तर सुचले नाही. ती निळी रेघ ओढणाऱ्यांत मीही होतो.

कृष्णा खोऱ्यात एवढी कामे एकदम का निघाली, हे सांगायला हवे. बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा 1976 मध्ये आला. महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी पाणी आले आणि 31 मे 2000 नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूद होती. तोवर पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, या धास्तीने 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे काढले गेले आणि कामांचे नारळ फुटू लागले. धास्ती खोटी नव्हती. पण नारळ फोडायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात कालव्याचे शेवटचे टोक गाठता येत नाही.

आता एक साधे गणित मांडतो. समजा, दहा कामे आहेत, प्रत्येक 100 कोटींचे. वर्षाला मिळणार 100 कोटी. सर्वांना सारखे वाटले, तर दर कामाला वर्षाला दहा कोटी. दहा वर्षे कोणालाच पाणी नाही आणि दहाव्या वर्षाअखेर सगळ्यांना एकदम. उलट एकेक काम पुरे करत गेलो, तर पहिल्या वर्षाअखेर एकाचे पाणी सुरू, मग दुसऱ्याचे. दहा वर्षांत पहिल्या कामाचा लाभ नऊ वर्षे, दुसऱ्याचा आठ, अशी बेरीज केली तर 45 ‘पाणी-वर्षे’ पदरात पडतात. सारख्या वाटपात शून्य. खर्च दोन्हीकडे तेवढाच!

इथे थांबलो तर ते शाळेतले गणित झाले. खरी मजा ‘समजा’ बदलले की सुरू होते. समजा, 100 ऐवजी 60 कोटीच आले. सारख्या वाटपात दहा वर्षांनी दहाही कामे साठ टक्के झालेली असतील आणि पाणी एका थेंबाचे नसेल. एकेक करणाऱ्याची सहा कामे पुरी होतील. आता दुसरे ‘समजा’: पैसा पुरेसा आहे, पण पहिल्याच कामाची जमीन दोन वर्षे कोर्टात अडकली, पुढच्या कामांच्या मंजुऱ्या तयार नाहीत आणि पैसे मार्चअखेरीस परत गेले. आता एकेकवाल्याची 45 पाणी-वर्षे 28 वर येतात. मग तीन-तीन कामे बरोबर घेतली तर? सारे सुरळीत झाले तर 36 मिळतात, म्हणजे नऊ कमी. पण त्या तिघांतले एक अडकले तरी पैसा उरलेल्या दोघांकडे वळतो आणि आकडा 36 च्या खाली येत नाही. ही नऊ पाणी-वर्षे म्हणजे विम्याचा हप्ता. तो भरायचा की नाही, हे आकडा सांगत नाही. पण हप्ता किती, हे तरी दिसते.

याला मोठ्या कंपन्यांत ‘सिनॅरिओ’ म्हणतात. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक नावाचा एक फ्रेंच गृहस्थ 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम करी. तेलाचा भाव अमुक होईल, असे भाकीत तो करत नसे. जग वेगवेगळ्या वाटांनी कसे जाऊ शकेल, ते साहेबांपुढे मांडी. त्यातली एक वाट तेल एकाएकी महागण्याची होती. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासचा काही महिन्यांत अकरा-बारांवर गेला. त्या वाटेचा विचार कंपनीत आधीच झालेला होता.

आपल्याकडे याची नक्कल होते ती ‘चांगले, मध्यम, वाईट’ अशा तीन रकान्यांची. ती निरुपयोगी. सगळे मधल्या रकान्यावर बोट ठेवून चहाला जातात. रकान्यांना कारणे हवीत: पैसा आटला, जमीन अडली, लवादाने वाटा फिरवला. हा शेवटचा रकाना धरला, तर ‘सगळीकडे नारळ फोडा’ म्हणणाराही मूर्ख ठरत नाही, हेही कबूल करायला हवे.

असा एक तक्ता मी करून वरिष्ठांपुढे ठेवला होता. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पण दहाव्या नंबरच्या गावाला हे तुम्ही जाऊन सांगाल?’’ मी नाही सांगितले. तक्ता फायलीला लागला आणि कामे दहाही चालू राहिली.

पुढे 2016 मध्ये केंद्राने देशभरातले 99 रखडलेले प्रकल्प निवडून ते आधी पुरे करायचे ठरवले. त्यांत 26 महाराष्ट्रातले होते. निवडलेल्यांच्या यादीत नसलेल्या गावांत त्या दिवशी काय बोलले गेले असेल, याची कल्पना मी करू शकतो.

मामांच्या शेतात पाणी आले ते त्यांच्यामागे. मामेभावाचा फोन आला, तो आनंदात होता. मी म्हटले, ‘‘पाणी दरवर्षी इतकेच सुटेल असे धरू नकोस. पाळी चुकली तर काय, धरण भरले नाही तर काय, हे आधी कागदावर मांड आणि मग पीक ठरव.’’

‘‘दादा,’’ तो म्हणाला, ‘‘पाणी आलंय तोवर ऊस लावतो.’’