चार माइकांचा शनिवार

पहाटे साडेपाच. सिंहगड रोड जागा व्हायच्या आत मी माझ्या खोलीचं दार लावते, पंखा बंद करते आणि हेडफोन कानाला लावते. दहा बाय बाराची खोली, दोन भिंतींना उभ्या टेकवलेल्या गाद्या, दाराखालच्या फटीत घडी केलेली गोधडी. हाच माझा स्टुडिओ. निवेदनाची कामं इथं उत्तम होतात, कारण बोलणारा एक आणि माइक एक. अडलंय ते गेल्या महिन्यातल्या भजनापाशी.

आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ या खोलीत येऊन गायलं. गाणाऱ्या बुवांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या चाली कुठं लिहून ठेवलेल्या नाहीत, म्हणून हे काम मला नीटच करायचं होतं. यूएसबी असलेला दहा चॅनलचा मिक्सर घेतला, सगळ्यांना माइक लावले, सगळं छान ऐकू आलं. सगळे गेल्यावर फाइल उघडली तर ट्रॅक दोनच. तो मिक्सर आत आलेलं सगळं कालवून डावा-उजवा एवढंच कॉम्प्युटरला देतो. माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं, पण मी मागची भोकं मोजली होती, तारेतून काय बाहेर येतं ते पाहिलं नव्हतं. आता टाळ खाली करायला जावं तर बुवाही खाली जातात. त्यांच्या आवाजातला तो बारीक कंप टाळांखाली गेला तो गेलाच. आज पुन्हा ती फाइल ऐकून पाहिली. पुढचं भजन आज संध्याकाळी सहाला आहे, त्याच्या आत नवा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, घरात यायला हवा.

सात वाजता चहा घेताना आईनं विचारलं, "एकेकाला बोलावून का नाही घेत? सिनेमातल्या गाण्यांचं तसंच करतात ना?" तेही करून झालंय. आधी बुवा आणि पेटी घेतली, दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पखवाजवाल्या मामांना हेडफोन लावून त्यावर पखवाज वाजवायला सांगितला. एक बोल चुकला नाही, आणि तरी भजन बसलं नाही. अभंग संथ सुरू होतो, दोन-तीन आवर्तनं तशीच जातात, मग बुवा नुसता हात थोडा उचलतात आणि लय चढते. मामा तो हात बघतात, टाळकरी मामांकडे बघतात. हेडफोनमध्ये तो हात दिसत नाही. हे संगीत एकमेकांकडे बघत घडतं, म्हणून ते एका वेळीच घ्यावं लागतं आणि तरीही प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा लागतो. डबा निवडायचा तो या एका गोष्टीवर. बाकी सगळं त्यानंतर.

मग कागदावर माणसं मांडली. बुवा एक, पेटी एक, पखवाज दोन, कारण उजवी शाईची बाजू आणि डावी धूम ही दोन वेगळी वाद्यं असल्यासारखी बोलतात. झाले चार. टाळांना माइक नको. ते न बोलावता सगळ्यांच्या माइकात येतात.

नऊ ते अकरा खोक्यांवरचे आकडे वाचले. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो इनपुटांचा आकडा. फोकसराइटच्या एका डब्याचं नाव स्कारलेट १८आय८. अठरा इनपुट म्हटल्यावर वाटतं, पंगत बसवावी. त्याच्या तिसऱ्या पिढीच्या मॉडेलात माइक थेट लावता येतील असे प्रीअँप चारच आहेत. चार लाइन इनपुट, दोन एसपीडिफ, आणि उरलेले आठ एडॅट, म्हणजे ऑप्टिकल तारेनं दुसरा प्रीअँपचा डबा जोडला तरच मिळणारे. यात खोटं काही नाही, पण आपण मोजायचे ते माइकचे प्रीअँप. उलट मोटूच्या एम४ मध्ये चार इनपुट आहेत, पण माइकसाठी त्यातले दोनच. टॅस्कॅमच्या यूएस-१६x०८ मध्ये सोळांपैकी आठ माइकचे. बेरिंजरचा यूएमसी४०४एचडी सरळ आहे: चार म्हणजे चार, पुढे वाढवायला एडॅट मात्र नाही.

आठवाला घ्यावा का, यावर मी बराच वेळ घालवला. माझ्याकडे आहेत वीस हजार. आठ इनपुट घेतले की आठ माइक, आठ स्टँड, आठ केबली आल्या; डब्याची किंमत ही नुसती सुरुवात असते. शिवाय छोट्या खोलीत आठ माइक उघडे ठेवले की प्रत्येकात सगळेच ऐकू येतात. चार चांगल्या जागी लावलेले माइक मला आठ कशाबशा उभ्या केलेल्यांपेक्षा कितीतरी प्रिय आहेत.

१९२ किलोहर्ट्झच्या आकड्याकडे मी बघतही नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुष्कळ झालं. त्या हिशेबानं चार ट्रॅक मिळून सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास जातात, आणि जुन्या यूएसबी २.० ची कमाल ४८० आहे. टाइप-सी पिनेसाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही, नुसत्या पिनेनं वेग वाढत नाही. वेगळा अडॅप्टर मात्र हवाच. यूएसबी २.० च्या पोर्टातून अडीच वॉट मिळतात. चार प्रीअँप आणि कंडेन्सर माइकचे ४८ व्होल्ट तेवढ्यावर चालवायचे म्हणजे ओढाताण.

साडेअकराला दुकानात. सोबत माझा लॅपटॉप, माइक, हेडफोन. काउंटरवरचा मुलगा भला होता. म्हणाला, "ताई, दोनवालाच घ्या, सगळे तोच नेतात."

"सगळे गिटार आणि गाणं करत असतील, दादा. माझ्याकडे पखवाज आहे. चारवाला काढा, आणि जोडून बघू द्या."

त्यानं जोडून दिला. आधी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ट्रॅक उघडले आणि एकाच माइकची तार एकेका भोकात लावत प्रत्येक ट्रॅक वेगळा हलतो का ते पाहिलं. मागच्या महिन्यात एवढं केलं असतं तर बरं झालं असतं. मग माइकवर रुमाल टाकला, गेन पाऊण फिरवला आणि हेडफोनमध्ये नुसती शांतता ऐकली. चारही चॅनलची. तिसऱ्यात खरखर जास्त वाटली, म्हणून तार बदलून पाहिली. दोष तारेचा निघाला. यूएसबी काढून परत लावली, ड्रायव्हर पुन्हा जागा झाला. ४८ व्होल्टचं बटण चारही चॅनलना मिळून एकच आहे. बुवांचा डायनॅमिक माइक नीट बॅलन्स्ड तारेवर असेल तर त्याला त्यानं काही होत नाही, तेव्हा चालेल. मुलगा शेवटपर्यंत शेजारी उभा राहिला आणि नंतर म्हणाला, "हे मी पण करून बघेन आता." पैसे दिले.

दीडला तपकीर गल्ली. एक्सएलआरच्या चार केबली, ज्यांना साउंडवाले अजून कॅननच म्हणतात. पिन उघडून आतलं सोल्डर पाहिल्याशिवाय मी केबल घेत नाही.

चार वाजता घरी जोडाजोड. कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला आणि बफर १०२४ वर नेला. विलंब किती मिलिसेकंदांचा यावर लोक महिनोन्‌महिने डोकं खपवतात, आणि हेडफोन लावून आपलाच आवाज ऐकत गाणाऱ्याला तो खरंच छळतो. आमच्याकडे गाता-वाजवताना हेडफोन कुणीच लावत नाही. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचा आवाज हवेतून मिळतो. बफरच्या एकवीस मिलिसेकंदांनी आवाज उशिरा पोचतो तो फक्त माझ्या कानाला, आणि लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा मिळून आवाजात टकटक येत नाही. चार्जर काढला तशी ऐकू येणारी बारीक घूंही गेली. आज बॅटरीवरच चालवायचं.

सहाला मंडळ आलं. चपला दाराबाहेर, टाळांची पिशवी खिडकीशी. आईनं मळून दिलेला कणकेचा गोळा मामांनी वाटीतून उचलला, पाण्याचं बोट लावून धुमेच्या मध्यावर थापला, कडेनं अंगठ्यानं दाबत गेले. एक थाप मारली, मान हलवली, चिमूटभर कणीक काढली, परत थाप. तिसऱ्या वेळेला तो खोल, गोल आवाज आला आणि खोलीतलं बोलणं थांबलं. मग हातोडी घेऊन शाईची बाजू पेटीच्या काळी दोनला मिळवली. हे चालू असतानाच मी दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर माइक लावले. पखवाज दोन फुटांचा, म्हणजे दोन माइकांत साडेतीन फूट पडले. वाद्यापासून माइक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांत असावं म्हणतात. ते आपोआप साधलं.

टाळकऱ्यांना मी बुवांच्या समोर बसवलं, म्हणजे बुवांच्या माइकच्या बरोबर पाठीशी. कार्डिऑइड माइक पाठीकडून कमीत कमी ऐकतो. "आम्हाला समोर का गं?" एका काकांनी विचारलं. "बुवांना नीट बघता यावं म्हणून," मी म्हटलं, आणि तेही खरंच होतं.

गेन लावताना बुवांना हळू म्हणायला सांगितलं नाही. शेवटच्या चढत्या लयीतलं भजन म्हणा म्हटलं, सगळ्यांनी टाळांसकट. सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलवर थांबेल असा गेन ठेवला. चोवीस बिटात खाली एवढी जागा असते की हळू सुरुवातही दबत नाही. टाळाचं टोक एकदा वरच्या कडेला आपटलं की ते फाटतं, आणि फाटलेलं शिवता येत नाही.

पावणेसातला सुरू झालं. दीड तास. मी चार उभे पट्टे बघत बसले होते, पण तिसऱ्या अभंगाला बुवांनी हात उचलला आणि मी पट्ट्यांकडे बघायचं विसरले.

साडेनऊ. सगळे गेले. तीन जीबीची फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मगच उघडली. चार ट्रॅक. पहिल्याखेरीज सगळे बंद केले. टाळ आहेत, पण लांब, शेजारच्या खोलीत असावेत तसे. बुवांचा श्वास ऐकू येतो, ओळ संपवताना आवाज सोडतात तो ऐकू येतो, आणि तो कंप.

दहाला मामांचा फोन आला. "कसं आलंय?"

"छान आलंय, मामा."

"एक विचारू? त्यातलं नुसतं डाव्या हाताचं निघेल का? नातू शिकतोय. धुमेवर मी काय करतो ते त्याला सगळ्यांबरोबर वाजताना कळतच नाही."

"निघेल," मी म्हटलं, आणि चौथा ट्रॅक एकटा चालू केला.